गजबज की गाज?

लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे संपले, चकल्यांचा डबा तळाला लागला, की आमच्या शहरात बोलायला दोनच विषय उरतात. एक, नळाला पाणी कोणत्या वारी येणार. आणि दुसरा, यंदा कुठे जायचे. पहिल्या विषयात आपल्या हाती काही नसते, म्हणून सगळा जोर दुसऱ्यावर निघतो. सिडकोपासून समर्थनगरापर्यंत कोणत्याही घरी जा, कोणीतरी हातात मोबाइल आणि मांडीवर वही घेऊन हिशेब मांडत बसलेले दिसेल. आणि आदल्या वर्षी जे कुठे जाऊन आले असतील त्यांना धरून धरून प्रश्न विचारले जातात. यंदा ती पाळी आमच्यावर आली आहे, कारण गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे अंदमानला जाऊन आलो.

विचारणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: "मुक्काम शहरात करावा, की बेटांवर?" शहर म्हणजे पोर्ट ब्लेअर, सप्टेंबर २०२४ पासून त्याचे नाव श्री विजयपुरम. बेटे म्हणजे हॅवलॉक आणि नील. त्यांची नावे २०१८ च्या डिसेंबरात अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. नावे बदलली म्हणून आम्ही गोंधळत नाही, बरे का. आमच्या सासूबाई एस.टी.च्या वाहकाला शहराचे एक नाव सांगतात, आमची लेक दुसरे सांगते, आणि गाडी दोघींना त्याच स्थानकावर उतरवते.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे घर ठाऊक आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि तरीही रोज सकाळी दिवसाचे वेळापत्रक करणारे आमचे हे. पुण्याला नोकरी करणारी लेक. आणि ब्याऐंशी वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू पण जिभेने धडधाकट सासूबाई. मधली तीन वर्षे हे सदर अधूनमधून बंद पडत असे, त्याचे कारणही पुष्कळांनी पत्रांतून विचारले होते. कारण एवढेच की मामंजी अंथरुणाला खिळले होते. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, पण डावा हात चालत असे. उशाशी एक स्टीलची वाटी ठेवलेली होती. काही हवे असले की ते तीवर चमचा वाजवीत. पाणी हवे, कूस बदलायची आहे, पंखा बंद करा, की नुसतेच कोणीतरी येऊन बसा, सगळ्याला आवाज तोच. दोन वर्षांपूर्वी ते गेले. वाटी मी माळ्यावर टाकली. पण त्यानंतर कोणाच्याही घरी वाटीवर चमचा लागला की मी खुर्चीतून उठायची. लग्नाच्या पंगतीतही उठायची. शेजारीण विचारी, "काय हवंय?" काय सांगणार?

म्हणून जेव्हा अंदमानचे ठरले तेव्हा मी मनाशी गाठ मारली होती की मला कुठल्याही गजबजाटात जायचे नाही. जिथे मला कोणी हाक मारणार नाही अशा जागी तीन दिवस बसायचे आहे.

पण घरात मी एकटी नाही. अंदमानचे ठरवले होते सासूबाईंनी. गंगापूरला माहेरी असताना, परकर-पोलक्यातल्या वयात, त्यांनी कुणाच्या तरी घरून आणून "माझी जन्मठेप" वाचले होते. ती कोठडी डोळ्यांनी पाहायची ही त्यांची इच्छा साठ-पासष्ट वर्षे राहून गेली होती. चारधाम झाले, काशी झाली, अंदमान राहिले. तेव्हा शहर सोडून चालणारच नव्हते.

यांनी वही उघडली आणि सहा रात्रींची वाटणी केली: चार शहरात, एक स्वराज द्वीपावर, एक शहीद द्वीपावर. कारणेही दिली, आणि ती खोटी नव्हती. शहरात बघायला खरोखरच पुष्कळ आहे. तुरुंग आहे, संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आहे, मानववंशशास्त्राचे संग्रहालय आहे, १८८३ साली सुरू झालेली चॅथमची लाकूड गिरणी आहे. समोरच पाण्यात रॉस बेट, म्हणजे आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. १८५८ पासून १९४१ पर्यंत इंग्रजांचा सारा कारभार तिथून चाले. आता त्यांच्या चर्चला आणि बेकरीला झाडांच्या मुळांनी अशी मिठी मारली आहे की भिंत कुठे संपली आणि मूळ कुठे सुरू झाले ते कळू नये. आणि अ‍ॅबर्डीन बाजार आहे, तिथे बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, पंजाबी अशी सगळी माणसे आपापल्या वळणाची हिंदी बोलत भाजीचा भाव करतात. काळ्या पाण्याची शिक्षा भोगून तिथेच संसार थाटलेल्या कैद्यांचे वंशजही त्या गर्दीत आहेत. त्यांना तिकडे "लोकल बॉर्न" म्हणतात. "शिवाय," हे म्हणाले, "आईला काही झालं तर मोठं रुग्णालय शहरातच आहे." तेही खरे. गोविंद वल्लभ पंतांच्या नावाचे ते रुग्णालय तुरुंगाच्याच आवारात, पाडलेल्या इमारतींच्या जागेवर उभे आहे.

लेक बेटांच्या बाजूची, पण तिला दोन्ही बेटे हवी होती. स्वराज द्वीपावरचा राधानगरचा किनारा तिने फोटोंत पाहून पाहून पाठ केला होता. २००४ साली "टाइम" साप्ताहिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले, हे तिने आम्हांला दिवसातून दोनदा सांगितले.

इथे मला आमच्या गावाचा दाखला द्यावा लागला. आपण पर्यटकांच्या गावची माणसे. मुंबई-पुण्याचा पाहुणा येतो तो एका दिवसात वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, पाणचक्की आणि बीबी का मकबरा उरकतो. दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटर अजिंठा गाठून रात्रीच्या गाडीत बसतो. कैलास लेण्यात त्याची वीस मिनिटे जातात, त्यांतली पंधरा फोटोंत. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दुपार उतरल्यावर ऊन आत शिरते, आणि सकाळभर काळाकरडा दिसणारा दगड तांबूस होऊ लागतो. पण तोवर पाहुणा दौलताबादच्या भुयारात घाम पुसत असतो. (आणि मंगळवारी वेरूळ बंद असते हे त्याला नेहमी मंगळवारीच कळते.) अशा पाहुण्यांना तीस वर्षे पिठले-भाकरी वाढून माझे एक मत झाले आहे: सगळे पाहून आलेल्याला सांगण्यासारखे फारसे नसते. तेव्हा शहरात दोन रात्री, मग एकाच बेटावर सलग तीन, आणि शेवटची रात्र पुन्हा शहरात. बेट लहान ते निवडायचे. स्वराज द्वीप मोठे, हॉटेले तिकडे अधिक, पाण्याखाली बुड्या मारणाऱ्यांची गर्दी तिकडे. शहीद द्वीप एवढेसे, सायकलवर फिरून होईल असे.

"म्हणजे राधानगर सोडायचं?" लेक ओरडली.

"अजिंठा सोडून जाणारे असतातच की," मी म्हटले.

ती रुसली, आणि मग तिनेच पर्समधून विसाच्या दोन नोटा काढून टेबलावर ठेवल्या. जुन्या, तांबूस नोटेच्या पाठीवर नारळीची झाडे आणि समुद्र आहे. ते दृश्य अंदमानचे, पूर्वीच्या माउंट हॅरिएटवरून दिसणारे. २०१९ साली आलेल्या हिरवट-पिवळ्या नोटेच्या पाठीवर आपले वेरूळ. रोज भाजीवाल्याला देतो घेतो, पण उलटून कोण पाहते! सासूबाईंनी दोन्ही नोटा उचलून बटव्यात टाकल्या आणि म्हणाल्या, "सून म्हणते तसं करा. मला जिन्याच्या पायऱ्या कमी असल्या म्हणजे झालं."

पायऱ्या कमी नव्हत्या. सावरकरांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षे तो तुरुंग बांधला जात होता. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तिमजली इमारती. आता तीनच उरल्या आहेत. सातशेला थोड्या कमी कोठड्या, आणि एकेका कोठडीत एकेक माणूस. रचना अशी की एका इमारतीतल्या कोठड्यांची दारे दुसरीच्या पाठीकडे उघडतात. म्हणजे गजांतून पाहिले तरी समोर भिंत. दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये. बाबाराव सावरकर तिथे आधीपासून होते, तात्याराव १९११ च्या जुलैत आले. सख्खे भाऊ एका छपराखाली, आणि पुष्कळ काळ एकमेकांना दिसले नाहीत. खाली अंगणात कोलू दाखवायला ठेवला आहे. माणसाला बैलासारखे जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून घेत. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने नळीवाटे दूध घालताना महावीरसिंह गेले. हे सगळे फलकांवर आहे. वाचत वाचत सासूबाई जिना चढल्या. दर पाच पायऱ्यांनी थांबत, यांच्या खांद्यावर हात ठेवून, पाऊण तासात.

कोठडी साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद. उंचावर एक झरोका. सासूबाई आत जाऊन भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या. गुडघ्यांमुळे गेली आठ वर्षे त्या जमिनीवर बसलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "आमच्या माहेरची धान्याची कोठी याहून मोठी होती गं." आणि मग काहीच बोलल्या नाहीत. बाहेर शाळेच्या सहलीची पोरे, मार्गदर्शकांची भाषणे, फोटो. ज्या शहराला सगळे गजबजलेले म्हणतात, त्याच्या मधोमध ती एवढी जागा अशी आहे की जिथे माणसाला शांतता ही शिक्षा म्हणून दिली जात होती. मी शांततेच्या शोधात आलेली बाई. मला तिथे उभे राहवेना. मी व्हरांड्यात येऊन समुद्राकडे तोंड करून उभी राहिले.

त्यांना उठवायला आम्ही तिघे लागलो.

बाकी शहर यांनी वहीप्रमाणे दाखवले, त्याचे वर्णन करीत नाही. बाजार मला आवडला, खोटे का बोला. लाकडी पोळपाट घेतला. शंखशिंपले मात्र किनाऱ्यावरचे उचलून आणू नका. पोवळी आणि शंख तिथून असे नेणे कायद्याने मना आहे. शेजारणींनी "येताना एक शंख" असे सांगितले होते, त्यांना सुपारीच्या डब्यांवर समाधान मानावे लागले.

आता बेटाविषयी, विचारणाऱ्यांना यातच जास्त रस असतो. शहरातून वेगवान खासगी बोट तास-दीड तासात पोचवते. तीत काचबंद थंड खोलीत बसून राहावे लागते. सरकारी बोट सावकाश जाते, पण बाहेर उभे राहून वारा घेता येतो. आम्ही सासूबाईंमुळे वेगवान बोट घेतली, आणि पोटात ढवळू नये म्हणून आलेपाकाच्या वड्या नेल्या. खरी अडचण प्रवासाची नव्हेच. धक्क्यावरून बोटीत पाय टाकण्याची. पाणी वर-खाली होते, बोटही होते, आणि फळीला धरायला काही नसते. दोन खलाशांनी सासूबाईंना कोपराखाली धरून उचलून आत ठेवले. "गणपती बसवतात तसं बसवलं मला," असे त्या नंतर चार ठिकाणी सांगत होत्या.

शहीद द्वीपावर फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची कुटुंबे वसवली गेली. गावांची नावे रामनगर, भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. सासूबाईंना हे फार आवडले. भाजीपाला भरपूर पिकतो, तेव्हा शाकाहारी माणसाचे हाल नाहीत. आम्ही उतरलो त्या घराची मालकीण टोमॅटोच्या चटणीत साखर घाली. तिला मी दाण्याचे कूट शिकवले.

आणि अंधार! हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. घड्याळ तिथेही आपलेच, पण सूर्य आपल्यापेक्षा बराच पूर्वेचा. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो. साडेपाचला मिट्ट काळोख. शहरात असाल तर बाजार असतो, दिवे असतात. बेटावर काही नाही. पहिल्या संध्याकाळी हे व्हरांड्यात येरझारा घालत होते. फोनही धड चालेना. २०२० साली चेन्नईहून समुद्राच्या तळाने सुमारे २,३०० किलोमीटरची तार टाकली गेली तेव्हापासून पुष्कळ सुधारले म्हणतात, पण आमच्या खोलीपर्यंत ती सुधारणा आली नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी यांनी येरझारा थांबवल्या आणि मामंजींच्या जायकवाडीच्या दिवसांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. धरणाची भिंत चढत होती तेव्हा मामंजी पैठणला होते, हे एवढीच शिकलेली माझी लेक पहिल्यांदा ऐकत होती. गाज चालूच होती. ती शांतता नव्हेच म्हणा. समुद्र रात्रभर बोलतो. पण तो आपल्याशी बोलत नाही, उत्तर मागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या मांडवात चहा घेत होतो. शेजारच्या टेबलावर एक बंगाली कुटुंब, त्यांचे दीड-दोन वर्षांचे मूल. त्याने वाटीवर चमचा वाजवायला सुरुवात केली. मी उठले नाही. उठायचे माझ्या ध्यानातच आले नाही. उठल्या त्या सासूबाई. कप बशीत ठेवून अर्ध्या उभ्या राहिल्या, टेबलाची कड घट्ट धरली, आणि मग हळूहळू खाली बसल्या. कप पुन्हा उचलला. मी त्यांच्याकडे पाहिले नाहीसे केले.

ती तीन वर्षे उठत मी होते. त्यांच्या गुडघ्यांना ते होत नसे, म्हणून त्या पलीकडच्या खोलीत पलंगावर बसून असत. पण कान त्यांचेही त्याच वाटीकडे होते, रात्री-अपरात्री, आणि बावन्न नव्हे, साठ वर्षांच्या संसाराचा तो माणूस होता. शहर की बेट, हा प्रश्न आमच्या घरात महिनाभर चालला होता. सासूबाईंचे उत्तर कोठडी, असे सगळ्यांनी धरून टाकले होते. त्यांना त्यापलीकडे काही विचारले नव्हते.

दुपारी त्यांनीच यांना विचारले, "आणखी एक रात्र इथं नाही का राहता येणार?"

यांनी वही काढली. दुसऱ्या दिवशीची बोट, परवाचे विमान. शहरातली रात्र काढून टाकून परवा पहाटेच्या बोटीने थेट विमानतळ गाठता येईल, असा मार्ग त्यांनी शोधलासुद्धा. आईने काही मागितले होते ना! नाही म्हणाले ते मी. समुद्र बिघडला की बोटी रद्द होतात, मागून कोणी विचारीत नाही. विमान चुकले असते तर ब्याऐंशी वर्षांच्या बाईला घेऊन चेन्नई, तिथून हैदराबाद की मुंबई, आणि मग चिकलठाणा, ही सगळी साखळी तुटली असती. आपल्या गावाहून थेट विमान नाही. बेटावरून परतताना शेवटची रात्र शहरात, हा नियम कोणासाठीही मोडू नये.

सासूबाईंनी मान डोलावली. "मग आज मी दुपारची झोपत नाही," म्हणाल्या. खुर्ची किनाऱ्यावरच्या झाडाखाली नेऊन ठेवायला लावली आणि सूर्य बुडेपर्यंत तिथे बसल्या. लेक शेजारी वाळूत बसली होती. राधानगरचे नाव तिने पुन्हा काढले नाही. फक्त येताना बोटीतून लांबून ते बेट दाखवून "ते बघा" एवढे म्हणाली.

हे सारे मी विचारणाऱ्यांना सांगते, पण त्यांना वाटणी हवी असते: किती रात्री इकडे, किती तिकडे. तीही सांगते. पण आधी विचारते, बरोबर कोण आहे, आणि मागचे वर्ष तुमच्या घरात कसे गेले. यावर काही जण चमत्कारिक नजरेने पाहतात.

आमच्या वन्संचा मुलगा न्यू जर्सीत असतो. या हिवाळ्यात तो आईला घेऊन कॅरिबियन समुद्रात जाणार आहे, आणि त्याच्यापुढे हाच पेच उभा आहे: त्रिनिदाद, की टोबॅगो? देश एकच, बेटे दोन. एकावर पोर्ट ऑफ स्पेनची धामधूम, कार्निव्हल, आणि १८४५ पासून मजूर म्हणून नेलेल्या हिंदी माणसांची नातवंडे-पणतवंडे. दुसरे निवांत, नुसते किनारे. आमच्या यांनी फोनवर क्षणाचाही विलंब न लावता शहराच्या बाजूने मत दिले. १९७१ साली गावसकरांनी पहिला कसोटी सामना तिथे खेळला आणि आपण तो जिंकलो. १९७६ साली ४०३ धावांचा पाठलाग आपण तिथेच पुरा केला. अशा मैदानाचे दर्शन न घेता टोबॅगोत वाळू तुडवायची, हे यांच्या समजुतीपलीकडचे आहे. भाचा हसला. मग मी टोबॅगोची बाजू मांडू लागले, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"हे बघ," त्या नातवाला म्हणाल्या, "तुझ्या आईचे गुडघे माझ्यावर गेलेत. शहर असो नाहीतर बेट, बोटीत चढताना धरायला कठडा आहे का, ते आधी विचार. आणि रात्रीची ती जागी असते का रे हल्ली?"

त्याला ठाऊक नव्हते. विचारून कळवतो म्हणाला.